वरातीच्या घोडीला पोटात अल्सर होऊ नये म्हणून चंदी-चारा कसा बसवावा?

पागावाला_शहादा

राम राम मंडळी. मारवाडी घोडी आहे, वय ७ वर्षं. छातीचा घेर १६५ सें.मी., खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी १५० सें.मी. काम वरातीचं आणि नाचाचं. लग्नसराईत आठवड्याला पाच-सहा वराती होतात.

सध्याचा खुराक असा: सकाळी ७ ला भिजवलेला हरभरा १ किलो (कोरडा मोजून) आणि जव अर्धा किलो. संध्याकाळी ५ ला परत तेवढंच, वर १०० ग्रॅम गूळ. सकाळी ९ ला कडब्याची बारीक कुट्टी अडीच किलो, दुपारी ३ ला गव्हाचा भुसा दोन किलो. वरात असेल त्या दिवशी ६ ला घोडी निघते, १२-१ ला परत येते. आल्यावर पाणी देतो, चारा सकाळीच.

महिनाभरापासून चंदी (दाण्याचा खुराक) अर्धी टाकते, पण चाऱ्याला तोंड लावते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकून चावायला येते, आधी असं नव्हतं. केस रखरखीत झालेत, बरगड्या दिसायला लागल्यात. लीद ठीक आहे. दात तपासून घासून झालेत, जंताचं औषध झालंय, सर्राची (माश्यांमुळे पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीच्या आजाराची) रक्ततपासणी निगेटिव्ह आहे. डॉक्टरांना अल्सरची शंका आहे आणि औषध सुरू होतंय. ते त्यांच्या सल्ल्याने चालेल. मला विचारायचंय ते पुढचं: औषध संपल्यावर हे परत होऊ नये म्हणून चंदी, चारा आणि वेळा कशा बसवाव्यात? आणि बाजारात पोटासाठी म्हणून ज्या पावडरी मिळतात त्यातलं खरंच काय उपयोगी आहे?

चारा_आणि_चंदी

भाऊ, तुम्ही मापं दिलीत हे फार बरं केलंत, त्यामुळे हिशेब नीट करता येतो. वजन असं काढा: घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. म्हणजे १६५ × १६५ × १५० ÷ ११,८८० = साधारण ३४४ किलो. पुढचं सगळं या आकड्यावर धरू.

आधी चंदी. घोड्याला एका वेळी वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च जाऊ नये, आणि दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा जास्त नको. तुमच्या घोडीला एका वेळी ३४४ ग्रॅम, दिवसाला ६९० च्या आत. हरभऱ्यात ढोबळमानाने ४० टक्के स्टार्च असतो, जवात ५० टक्के. एक किलो हरभऱ्याचे ४०० आणि अर्धा किलो जवाचे २५०, म्हणजे एका वेळेला ६५० ग्रॅम. जवळजवळ दुप्पट, तेही दोन्ही वेळा. मका असता तर आणखी वाईट झालं असतं, त्यात ६५ टक्क्यांच्या घरात स्टार्च असतो. जादा स्टार्च जठरातच आंबतो, त्यातून आम्लं तयार होतात आणि जठराच्या वरच्या भागाचं अस्तर पोळतं.

आता चारा. कोरड्या भाराने (म्हणजे पाणी वगळून) वजनाच्या किमान दीड टक्का चारा हवा, दोन टक्के असेल तर उत्तम. ३४४ किलोला दीड टक्का म्हणजे सव्वापाच किलो निव्वळ कोरडा भार. तुमचा साडेचार किलो चारा ओलावा वजा करता चार किलोच भरतो. म्हणजे चंदी दुप्पट आणि चारा कमी, असं उलटं गणित झालंय.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा दोष वेळांचा आहे. दुपारी ३ चा भुसा ५ पर्यंत संपतो, पुढे चंदी १५-२० मिनिटांत खाऊन होते. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला चारा मिळेपर्यंत १६ तास जातात. माणसाच्या जठरात आम्लाचा जोर जेवणाच्या वेळी वाढतो. घोड्याचं तसं नाही, त्याच्यात आम्ल चोवीस तास झरत राहतं, खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी. ते मवाळ करणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. चारा बंद म्हणजे लाळ बंद, आम्ल चालूच. म्हणून चाऱ्याच्या दोन वेळांमध्ये सहा तासांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. कितीही महागडी पावडर आणा, १६ तासांचा खंड ती भरून काढणार नाही.

पशुवैद्य_धुळे

वरचा हिशेब बरोबर आहे. त्यात वैद्यकीय बाजू जोडतो.

घोड्याच्या जठराचे दोन भाग असतात आणि दोघांची दुखणी वेगळी. वरच्या साधारण एक तृतीयांश भागाला आम्लापासून वाचवणारा श्लेष्माचा थर नसतो. खालच्या ग्रंथींच्या भागाला तो असतो. घोडी रिकाम्या पोटी नाचते, दुडकते, मागच्या पायांवर उभी राहते, तेव्हा पोटाच्या स्नायूंचा दाब जठरावर येतो आणि खालचं आम्ल वर उसळतं. वरातीच्या आणि शर्यतीच्या जनावरात वरच्या भागाचे व्रण याच वाटेने होतात. याला चारा, वेळा आणि कमी स्टार्च हा खरा उपाय.

खालच्या भागाच्या व्रणांचं कारण वेगळं. ताण, सलग काम आणि दुखण्यावरची औषधं. आठवड्यात पाच किंवा जास्त दिवस काम असलेल्या घोड्यांत हे जास्त आढळतात, म्हणून आठवड्याला किमान दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या. सुट्टी म्हणजे ठाणावर बांधून ठेवणं नव्हे, मोकळं फिरणं. लंगडली की मेडिकलमधून फिनाइलब्युटाझोन आणून स्वतःच दिवसच्या दिवस देत राहणं हा प्रकार बंद करा. त्या औषधाने जठराचा संरक्षक थरच कमी होतो. त्याच्यासोबत ‘पोट सांभाळायला’ म्हणून ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) मनाने जोडणंही निर्धोक नाही, दोन्ही एकत्र दिल्यावर पुढे आतड्याची दुखणी वाढल्याचं दिसलंय. आणि डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते घरातल्या माणसांच्या गोळ्यांच्या पाकिटातूनही देऊ नका.

खात्रीचं निदान तीन मीटर लांब दुर्बिणीनेच होतं. ती तालुक्याच्या दवाखान्यात नसते, म्हणून बहुतेक ठिकाणी औषध देऊन फरक बघितला जातो. नेहमीचा कोर्स २८ दिवसांचा असतो. ओमेप्राझोल सकाळी रिकाम्या पोटी द्यायचं आणि ३० ते ६० मिनिटांनी चारा टाकायचा. माणसांच्या कॅप्सूल फोडून आतले दाणे खलबत्त्यात कुटू नका. त्या दाण्यांवरचं आवरण गेलं की औषध जठरातल्या आम्लातच नासतं. शिवाय किलोला ४ मि.ग्रॅ. या मात्रेने तुमच्या घोडीला रोज १,३७६ मि.ग्रॅ. लागेल, म्हणजे २० मि.ग्रॅ.च्या ६८-६९ कॅप्सूल. दोन-चार कॅप्सूल देऊन गुण आला नाही म्हणणारे म्हणूनच फसतात. कोर्स संपताना एकदम तोडू नका, आम्ल उसळून येतं. कमी कसं करायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सातपुडा_अश्व

वजन, स्टार्च सगळं पटलं. पण नाचाच्या घोडीचा हरभरा तोडला तर अंगात ताकद राहील का? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चणा, गूळ आणि तुपावरच घोडी नाचत आलीय. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत चांगली जनावरं आणणारे लोकही हेच सांगतात.

चारा_आणि_चंदी

दादा, हरभरा तोडायचा नाही, वाटून द्यायचा. आणि त्यातून कमी होणारी ताकद घास आणि तेलातून भरायची. या घोडीसाठी दिवसाचा हिशेब असा बसतो.

घास, म्हणजे लसूणघास, हिरवा १० किलो. त्यात पाणी ८० टक्के, कोरडा भार दोनच किलो. लांब कडबा ४ किलो आणि डोंगरी गवत (मारवेल, पवना मिळालं तर फारच छान) २ किलो. तिन्ही मिळून कोरडा भार सात किलोच्या वर जातो, म्हणजे दोन टक्के भरले. चंदीत हरभरा ९०० ग्रॅम, जव ३०० ग्रॅम, गव्हाचा चोकर (कोंडा) ३०० ग्रॅम. याचे तीन समान भाग. एका वेळचा स्टार्च १९० ग्रॅमच्या आसपास राहतो. तेल १०० मि.ली., दोन वेळांत विभागून. तेवढ्या तेलात साधारण पाव किलो जवाइतकी ऊर्जा असते आणि स्टार्च शून्य.

तेलाबद्दल नेमकं सांगायचं तर मक्याच्या तेलाने तट्टांमध्ये आम्ल कमी झाल्याचं दिसलं होतं, पण दुसऱ्या तपासणीत तेलाने व्रण टळले नाहीत. तेव्हा तेल औषध म्हणून नव्हे, दाणा कमी करायला द्या. मका, सोयाबीन, करडई कुठलंही चालेल, खवट नको. ३० मि.ली.पासून सुरू करून दोन आठवड्यांत पूर्ण मापावर या. तूपही चालतं, पण तेच काम तेल स्वस्तात करतं. गूळ बंद केलेला बरा, फार तर चंदीला तोंड लावायला लिंबाएवढा खडा.

घास वेगळ्या कारणाने महत्त्वाचा. त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठरातलं आम्ल मवाळ करतात. हे काम कडबा किंवा गवत त्या तोडीने करत नाही. चोकरात फॉस्फरस फार असतो आणि नुसता चोकर वाढवला तर हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं सुजतात. घासातल्या कॅल्शियममुळे तो तोल सांभाळला जातो. म्हणून घास कमी पडला तर चोकरही कमी करा.

घास कापल्यावर चार-सहा तास सावलीत पसरून कोमेजू द्या. ढीग करून ठेवला तर आतून तापतो, तो घास घालू नका, गॅस धरून पोटशूळ उठतो. सुरुवात २ किलोने आणि दर दोन दिवसांनी दीड किलो वाढ. लघवी पांढरट, घट्ट दिसली तर घाबरू नका, जादा कॅल्शियम तिकडून निघतं.

केळीपट्टा_रावेर

कडबा लांब का, ते सविस्तर सांगाल का? आमच्याकडे सगळेच मशीनवर बारीक कुट्टी करतात, वाया कमी जातो. आणि उन्हाळ्यात हिरवी ज्वारी घातली तर?

चारा_आणि_चंदी

एक किलो गवत चघळायला घोड्याला ४० मिनिटांच्या आसपास लागतात, एक किलो दाण्याला जेमतेम १०. चावण्याचा वेळ म्हणजेच लाळेचा वेळ. बारीक कुट्टी तो वेळ खाते. कुट्टी करायचीच तर मशीनची पाती लांब मापावर लावा, दोन-तीन इंचांचे तुकडे पडू द्या. फार बारीक, भुकटीसारखी झाली तर गिळताना घशात अडकायचीही भीती. वाया जातं म्हणून त्रास होत असेल तर गव्हाणीत टाकण्याऐवजी जाळीत भरा. सुताची जाळी, भोकं साधारण चार सें.मी. म्हणजे घोडी एकेक काडी ओढून खाते आणि तीन किलो कडबा अडीच-तीन तास पुरतो. जाळी घोडीच्या डोळ्यांच्या उंचीवर घट्ट बांधा. रिकामी झाल्यावर ती लोंबते, खाली बांधली असेल तर नाल अडकून पाय मोडतो.

गव्हाचा भुसा एकट्याने मुख्य चारा म्हणून नको. निव्वळ भुशा-पेंढ्यावरच्या घोड्यांत व्रण जास्त सापडतात. गवतात किंवा कडब्यात पाव हिस्सा मिसळा, चालतो.

हिरवी ज्वारी घोड्याला नकोच. कोवळ्या, ताण बसलेल्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं हे गुरांमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण घोड्याला हिरव्या ज्वारीने मूत्राशयाचा आणि मागच्या पायांच्या लुळेपणाचा वेगळाच आजार होतो आणि तो बहुधा बरा होत नाही. पूर्ण पक्व, वाळलेला, बुरशी नसलेला कडबा एवढंच घ्या. पेंढी सोडून वास घ्या. आतून काळसर पडली असेल किंवा धुरळा उडत असेल तर ती बाजूला काढा.

आणखी एक, आपल्या कापूसपट्ट्यात हाताशी सरकी पेंड असते म्हणून ती घोड्यापुढे टाकू नका, आणि गुरांचं गोळी खाद्य तर अजिबात नाही. काही खाद्यांत युरिया असतो, काहींत मोनेन्सिन (गुरांच्या खाद्यात घालतात ते औषध). मोनेन्सिन गाईला मानवतं, घोड्याच्या हृदयाला मात्र थोडंसंही जीवघेणं ठरतं.

पागावाला_शहादा

सगळ्यांचे आभार. चंदी-चाऱ्याचं कळलं. वरातीच्या दिवशी काय करू? सहा-सात तास घोडी बाहेर असते, तिथे चारा कसा खाऊ घालणार? आणि पावडरींचं राहिलंच.

पशुवैद्य_धुळे

वरातीच्या दिवसाचं वेळापत्रक असं ठेवा. संध्याकाळची चंदी निघण्याआधी किमान दोन-अडीच तास, म्हणजे ३-३.३० ला. निघायच्या अर्धा तास आधी घासाची कुट्टी सुकी अर्धा किलो किंवा कोमेजलेला हिरवा घास दोन किलो. हा चारा जठरातल्या द्रवावर तरंगणाऱ्या गादीसारखा बसतो, आम्ल वर उसळू देत नाही. एवढ्याने पोट जड होऊन नाच बिघडत नाही. रिकाम्या पोटी नेणं मात्र नक्की बिघडवतं.

वरातीत तोबरा (तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी) सोबत ठेवा, त्यात दाणा नव्हे, सुक्या घासाची कुट्टी. दीड-दोन तासांनी मिरवणूक थांबते तेव्हा दहा मिनिटं बाजूला घ्या, लगामाची कडी तोंडातून काढा, तोबरा लावा. यजमानांशी बोलणी करतानाच ही दहा मिनिटं ठरवून घ्या, ऐनवेळी कोणी ऐकत नाही. डीजेच्या भिंतीपासून जितकं लांब उभं करता येईल तितकं करा. ताणाचा परिणाम जठराच्या रक्तपुरवठ्यावर होतो.

घरी आल्यावर आधी पाणी, थोडं थोडं करत पोटभर. मग लगेच जाळीत तीन किलो लांब कडबा. रात्रीची चंदी द्यायची तर तासाभराने आणि ठरलेल्या एक तृतीयांशाच्या वर नाही. ‘आज खूप नाचली’ म्हणून दाणा वाढवायचा नाही. झोपायला जाताना जाळीत चारा शिल्लक असला पाहिजे, तुमचा सोळा तासांचा खंड इथेच मोडतो.

पाणी दिवसभर पुढे हवं. थंडीत २० लिटरच्या आसपास, आपल्या मे महिन्यात कामाच्या दिवशी त्याच्या दुप्पट. पाणी तोडून ठेवणं हेसुद्धा व्रणांच्या कारणांत धरलं जातं. साधं मीठ रोज ३५ ग्रॅम, घाम खूप गेला त्या दिवशी ६० पर्यंत, चंदीत मिसळून. इलेक्ट्रोलाइटची घट्ट पेस्ट किंवा घट्ट द्रावण रिकाम्या पोटी तोंडात मारू नका, त्याने वरच्या अस्तराचे व्रण वाढतात. खाण्यात मिसळलं की तो त्रास नाही.

सातपुडा_अश्व

पावडरींबद्दल जे ऐकू येतं ते विचारतो: खायचा सोडा, चुना, कोरफड, इसबगोल, जवस. आणि आमच्या शहादा भागात पपई भरपूर, ती खाऊ घालणारे पण आहेत.

पशुवैद्य_धुळे

सोडा आणि आम्लशामक औषधं आम्ल मारतात, पण काही तासच. नंतर पुन्हा जैसे थे. घोडीच्या तक्रारी झाकल्या जातात, म्हणून उलट उशीर होतो.

चुना अजिबात नको. पानाचा चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते. कॅल्शियम कमी पडत असेल तर पशुखाद्यासाठी मिळणारी चुनखडीची पूड वेगळी, ती डॉक्टर सांगतील त्या मापाने.

कोरफडीच्या गराची तुलना ओमेप्राझोलशी झाली आहे, त्यात गर मागे पडला. शिवाय घरी पान कापून देताना सालीखालचा पिवळा चीक जातो, तो जोरदार रेचक आहे. इसबगोल वाळू खाणाऱ्या घोड्यांसाठी वापरतात. तापीकाठी वाळूत चारा टाकत असाल तर तो वेगळा विषय, अल्सरसाठी त्याच्यावर विसंबू नका.

जवस ५०-१०० ग्रॅम, भरपूर पाण्यात चांगलं उकळून, बुळबुळीत झाल्यावर चंदीत. कच्चं भिजवून ठेवू नका, त्यात सायनाइड सुटतं. केसांना चमक येते आणि घोडी आवडीने खाते, तेवढ्यासाठी द्या. पेक्टिन-लेसिथिनच्या पावडरींचे निकाल उलटसुलट आहेत. कोणाला फरक दिसतो, कोणाला नाही. पपईने व्रण भरतो याला भक्कम आधार नाही. पिकलेली एखादी फोड चालेल, पाटीभर घालू नका, त्यात साखर असते. पैसे खर्च करायचेच असतील तर घासाचा वाफा वाढवा, माझा कल सरळ तिकडे आहे.

केळीपट्टा_रावेर

दत्तजयंतीला सारंगखेड्याला नेताना काय? तिथे आठ-दहा दिवस नवी जागा, गर्दी, गाडीचा प्रवास.

चारा_आणि_चंदी

प्रवास, नवी जागा आणि बांधून ठेवणं एकत्र आलं की निरोगी घोड्यात पाच दिवसांतसुद्धा व्रण तयार होऊ शकतात, त्यामुळे यात्रा हाच सगळ्यात जोखमीचा आठवडा. घरचाच कडबा आणि घरचाच सुका घास पूर्ण मुक्कामाचा सोबत न्या. तिथे मिळेल तो चारा पहिल्या दिवसापासून पूर्ण घालू नका, घरच्यात थोडा थोडा मिसळा. गाडीतही जाळी लावा. लांबचा प्रवास असेल तर दर तीन-चार तासांनी थांबा, पाणी दाखवा, मान खाली घेऊ द्या. गिऱ्हाइकाला चाल दाखवायच्या आधी दरवेळी मूठभर नव्हे, अर्धा किलो सुका घास. दिवसातून दहा वेळा दौडवून दाखवायची वेळ आली तर चंदी वाढवू नका, चाऱ्याची जाळी सतत भरलेली ठेवा.

पशुवैद्य_धुळे

त्यात एवढं जोडा. पोटाकडे वळून बघणं, लोळणं, लीद थांबणं, घाम फुटणं यातलं काही दिसलं तर चारा-दाणा काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तेल, ओवा, हिंग पाजू नका, फुप्फुसात गेलं तर पोटापेक्षा तेच मारतं. शिंगरू दात खात असेल, तोंडातून लाळ गाळत असेल किंवा उताणं पडून राहत असेल तर त्याच दिवशी दाखवा, शिंगरांत व्रण फुटायला वेळ लागत नाही.

पागावाला भाऊ, नवा खुराक आजच पूर्ण लावू नका, १०-१४ दिवसांत हळूहळू बदला. चंदी आधी कमी करा, घास मागून वाढवा. औषध संपल्यावर दर पंधरा दिवसांनी त्याच जागी फीत लावून घेर मोजा आणि तंग आवळताना ती काय करते ते लिहून ठेवा.